रुस्कचा पहिला काप

तेर्नोय, ९ जानेवारी

प्रिय सुन्निवा,

तिरिलच्या दृढीकरणाच्या, चर्चमधल्या समारंभाचं कार्ड मिळालं. फोटोत पोरगी चांगली उंच दिसते. मी शेवटची बघितली तेव्हा आठ वर्षांची होती आणि पुढचा एक दात अर्धाच आलेला होता. कपाळ थेट तुझ्या आईचं आहे. कार्डाच्या मागे तुझ्या अक्षरात दीड ओळ आहे : ‘रविवार, १० मे. तिरिल म्हणते आजोबांना बोलवूया. जमेल का ते कळव.’ तिरिल म्हणते. बरं.

जमणार नाही. कारण रागाचं नाही, बोक्याचं आहे.

तुझा रुस्क. तुझाच म्हणायचा. तिरिल पोटात होती त्या उन्हाळ्यात मासळीच्या खोक्यात तो तुला सापडला. तू तो आईच्या मांडीवर टाकलास आणि बर्गनला निघून गेलीस. पंधरा वर्षांचा झालाय आता. नोव्हेंबरात कळलं की त्याला मधुमेह आहे. मला नाही कळलं, आपल्या शेजारच्या पेत्रिनेला कळलं. कॉफीला आली होती. म्हणाली, "अरे एलेर्ट, हा बोका पाण्याच्या भांड्यातून तोंड काढतच नाहीये. आणि चालतो कसा बघ, टाचा टेकवून, सपाता घातल्यासारखा." मी म्हटलं, म्हातारा झालाय, मीही तसाच चालतो. ती म्हणाली, "तुला काय दिसतंय म्हणा." वाळून काडी झाला होता आणि मी खूश होतो की भूक चांगली आहे.

त्याला पेटीत घालून फेरीबोटीनं पलीकडे नेला. तिथे वेन्के म्हणून जनावरांची डॉक्टर आहे. तिनं सांगितलं, दिवसातून दोनदा इन्सुलिन, बरोबर बारा तासांनी, आयुष्यभर. तेव्हापासून माझा दिवस सातपासून सातपर्यंत. सकाळी कॉफी, पाव, चीजचा पहिला काप रुस्कला (हे तुझ्या आईनं घालून दिलेलं, ती गेल्यावरही मी मोडलेलं नाही), मग त्याची वाटी वजन करून, आणि तो खात असताना मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई. संध्याकाळी पुन्हा तेच सगळं. तो वर मानही करत नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा स्वतःलाच टोचून घेतलं.

बर्गनला यायचं म्हणजे जायला दोन दिवस, यायला दोन, आणि मधला कार्यक्रमाचा. दहा सुया. त्या कोण देणार? पेत्रिनेला सुई बघितली की घेरी येते. बोक्याला बरोबर आणावं तर तो फेरीबोटीवरच जीव सोडेल. तेव्हा तिरिलला सांग, आजोबांना बांधून ठेवलंय.

फोन करत नाही. फोनवर मी ओरडतो असं तूच म्हणायचीस. चाळीस वर्षं इंजिनाशेजारी काढली, हळू बोलायचं कसं ते विसरलो.

एलेर्ट


तेर्नोय, २७ जानेवारी

प्रिय सुन्निवा,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, टपाल हल्ली आठवड्यातून दोनदाच येतं. मी आपलं बोक्याचं कळवतो. तुझा बोका आहे, तुला माहीत असायला हवं.

वेन्केनं साखर मोजायचं यंत्र दिलंय. कानाच्या कडेला बारीक टोचायचं, मोहरीएवढा थेंब आला की पट्टीला लावायचा. कान थंड असेल तर रक्त येत नाही, म्हणून मी आधी मोज्यात कोमट तांदूळ भरून त्याच्या कानाला शेक देतो. हे मी स्वतः शोधून काढलं. वेन्के म्हणाली, "एलेर्ट, तुमच्यासारखा माणूस मी बघितला नाही." अगं, फेरीबोटीच्या इंजिनाची एक जुनी कोरी नोंदवही माझ्याकडे पडून होती, तिच्यातच लिहितो. तेलाचा दाब लिहायचा त्या रकान्यात साखर. पाण्याचं तापमान लिहायचं तिथे डोस. खाल्लं किती, ग्रॅममध्ये. प्यायला किती. मुतला किती, तेसुद्धा, खड्यांच्या पेटीचं वजन करून. हसू नकोस.

पण गाडं काही लायनीवर येत नाहीये. आठपर्यंत यायला हवी ती साखर बावीसवर बसलीय. एका युनिटानं सुरुवात केली, मग दोन, आता तीन. वेन्के फोनवर विचारते, "दुसरं काही खात नाही ना?" मी म्हणतो, एक कण नाही, वही बघा. ती म्हणते, "वही तुमची पक्की आहे, मग वाढवू या." आणि वाढवते.

मी रागानं बघतो त्याच्याकडे. तो खिडकीत बसून समुद्राकडे बघतो. आम्हा दोघांचं बरं चाललंय. दिवसभरात मी त्याच्याशी आठ-दहा वाक्यं बोलतो. काल मोजली.

तिरिल चर्चमध्ये तुझ्या आईच्या गावचा पोशाख घालणार की तिकडचा? आईची चांदीची पिन इथे पेटीत आहे. पाठवता येईल, पण टपालानं चांदी पाठवायला जीव धजत नाही.

एलेर्ट


तेर्नोय, १६ फेब्रुवारी

प्रिय सुन्निवा,

चोर सापडला.

मंगळवारी साखर चोवीस. चार युनिटं देऊनही चोवीस! मी म्हटलं हे शक्य नाही, कुणीतरी याला चारतंय. आणि तेर्नोयच्या या बेटावर माणसं किती? हिवाळ्यात अठरा, त्यातली आमच्या बाजूला दोन, एक मी. मी खिडकीत बसलो पाळत ठेवून. साडेअकराला साहेब डुलत डुलत पेत्रिनेच्या पायरीवर गेले, आणि तिनं दार उघडून बशी ठेवली. बशीभर उकडलेला कॉड. हाडं काढून!

मी गेलो. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. म्हटलं, मी इथे कणाकणाचं वजन करतो आणि तू माझ्या पाठीमागे त्याला विष घालतेस. ती म्हणाली, "माशात कधीपासून साखर यायला लागली रे, शहाण्या? माशानं मांजर मरतं होय?" मी म्हटलं, वहीत नाही ते विषच. ती म्हणाली, "तुझ्या वहीत काय काय नाही ते मी सांगू का?" तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी माझ्या घराची किल्ली परत मागितली.

एकतीस वर्षं ती किल्ली तिच्या दारामागच्या खिळ्यावर होती. आई गेली त्या सकाळी मी बोटीवर होतो. त्याच किल्लीनं पेत्रिने आत गेली होती. तिनं ती काढून माझ्या हातात दिली. तळहातावर ठेवून माझी बोटं मिटवली, लहान मुलाची मिटवतात तशी.

असो. आता बोका घरातच कोंडलाय. आता आकडे खाली येतील.

कॉफी एकट्याचीच करतो. सवयीनं चार चमचे पडते आणि उरते. ती ओतून देतो.

तुझं अजून काही नाही. मी काही वाट बघत नाहीये, तसं समजू नकोस. वही लिहून झाली की हातात पेन असतंच, म्हणून लिहितो.

एलेर्ट


तेर्नोय, ४ मार्च

सुन्निवा,

रुस्क जिवंत आहे. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचताना तुला तेच हवं असेल.

गेल्या बुधवारी वादळ आलं. फेरीबोट सहा दिवस बंद. दुकानात पहिल्या दिवशी दूध संपलं, दुसऱ्या दिवशी पाव आणि चीज. मी काही काळजी केली नाही. बोक्याचं खाणं महिनाभराचं होतं, इन्सुलिन फ्रिजच्या दारात होतं. आणि बघ, त्याच आठवड्यात आकडे उतरायला लागले! अठरा. चौदा. अकरा. नऊ. मला काय आनंद झाला सांगू. मी म्हटलं, बघा, पेत्रिनेची बशी बंद झाली आणि इंजिन लायनीवर आलं. वहीत नऊच्या खाली दोन रेघा मारल्या.

बोका दिवसभर झोपत होता. खिडकीत उडी मारायला गेला आणि चुकला, खाली पडला. मी म्हटलं, म्हातारा. सोमवारी सकाळी साखर साडेसहा. त्यानं अर्धंच खाल्लं आणि वाटीसमोर उभा राहिला, माझ्याकडे बघत. वेन्केनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं, नीट खाल्लं नाही तर सुई नको, आधी मला फोन. मला ते पाठ आहे. पण आकडा इतका सुरेख होता, सुन्निवा. मी चार युनिटं दिली.

साडेदहाला स्वयंपाकघरातून आवाज आला, कुणी फरशीवर जोडा घासतंय तसा. तो आडवा पडून पाय मारत होता. डोळे उघडे, पण त्यांत तो नव्हता. मी आधी काय केलं असेल? यंत्र आणलं. तो तिथे तडफडतोय आणि मी पट्टी शोधतोय. एक पूर्णांक सात.

मग मात्र यंत्र टाकलं. साखरेची बरणी उघडायला गेलो तर ती हातातून पडून फुटली. मी मोज्यांवरच बाहेर पळालो. त्या वाऱ्यात. वीस पावलं. पेत्रिनेचं दार दोन्ही मुठींनी वाजवलं. पंधरा दिवस आम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. मी ओरडलो, रुस्कची साखर उतरलीय. तिनं फडताळातून पाकाची बाटली घेतली आणि माझ्यापुढे धावत सुटली. ब्याहत्तर वर्षांची बाई!

ती फरशीवर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. बोटाला पाक लावून त्याच्या हिरड्यांना चोळत राहिली. मी वेन्केला फोन लावला आणि टेबलावर ठेवला. वेन्के म्हणाली, "ओतू नका, फक्त चोळा. चोळत रहा. एलेर्ट, तुम्ही ओरडू नका, मला ऐकू येतंय." किती वेळ गेला ते वहीत नाही. मग त्याची जीभ हलली. पेत्रिनेचं बोट चाटलं त्यानं. पेत्रिने म्हणाली, "आलास का रे बाळा," आणि मी खुर्चीवर बसलो.

वेन्केनं विचारलं, "गेल्या आठवड्यात काय बदललं?" मी म्हटलं, काहीच नाही. वही उघडून वाचायला लागलो, दिवस, ग्रॅम, युनिटं. ती मध्येच म्हणाली, "काहीतरी बदललंय. आठवा." मी म्हटलं, माझ्या वहीत एक कणही सुटलेला नाही.

तेव्हा पेत्रिने खालून म्हणाली, "चीज."

"काय?"

"चीज नाहीये दुकानात. गुरुवारपासून. मग पहिला काप कुठून देतोस?"

फोनमधून वेन्के म्हणाली, "कसला काप?"

मी म्हटलं, अहो ते काही खाणं नाही. तपकिरी चीजचा पातळसा काप, सकाळी एक, संध्याकाळी एक. बायकोच्या वेळेपासून आहे. ती चीजच्या सुरीनं पहिला काप काढायची तो त्याचा, मग आमचे. तो रिवाज आहे, खाणं नाही.

मग वेन्के म्हणाली, अगदी हळू म्हणाली, "एलेर्ट, तपकिरी चीज कसं करतात?"

हे मला विचारते! माझ्या आईनं चुलीवर केलंय ते. चीजचं उरलेलं पाणी तासन्‌तास आटवायचं, त्यातली साखर करपून तपकिरी होईपर्यंत. ढवळायचा चाटू माझ्याच हातात असायचा. त्र्याहत्तर वर्षं खातोय. गोड लागतं हे जिभेला माहीत आहे, डोक्यात कधी आलंच नाही. रोज दोन काप साखरेचे घालत होतो आणि ती साखर मारायला इन्सुलिन वाढवत होतो. साखर बंद झाली, इन्सुलिन तेवढंच राहिलं. पेत्रिनेच्या माशाचा काही संबंध नव्हता. विष मीच घालत होतो, रोज, तुझ्या आईच्या सुरीनं.

वेन्के रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

पेत्रिने रात्रीपर्यंत थांबली. जाताना म्हणाली, "आकडा बरोबर होता म्हणतोस. आणि बोका? तो कसा दिसत होता?"


तेर्नोय, ५ मार्च

सुन्निवा,

कालचं पत्र अजून दुकानातच पडलंय, बोट दुपारी आहे. म्हणून त्यातच हेही घालतो.

पेत्रिनेनं विचारलं ते तू सहा वर्षांपूर्वी विचारलं होतंस. आईला पुरून आलो त्या दिवशी, जिन्यात. तू म्हणालीस, "बाबा, इंजिनाचा आवाज बदलला की तुला झोपेतही कळतं. आईचा श्वास बदलला तो नाही कळला?"

लोकांना मी सांगत आलो की मुलगी जिन्यात असं काहीतरी बोलली आणि निघून गेली. त्यानंतर मी काय बोललो ते कुणाला सांगितलं नाही. पेत्रिने तेव्हा स्वयंपाकघरात होती, तिनं ऐकलं, पण सहा वर्षांत तिनं ते तोंडातून काढलं नाही. मी म्हणालो, "तू इथे असतीस तर ती वाट बघून बघून खचली नसती." तिरिल तुझा हात धरून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं.

ते खोटं होतं. आई वाट बघून खचली नव्हती. तुझा फोन आला की ती दिवसभर गुणगुणायची. ती हृदयानं गेली आणि ते हृदय सगळा हिवाळा सांगत होतं. धक्क्यावरून वर येताना ती दोनदा थांबायची. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायची आणि म्हणायची, समुद्र बघतेय. त्या पायरीवरून समुद्र दिसत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी तिच्या बाजूनं वर जायचो, कारण शिफ्टची वेळ झालेली असायची.

तू खरं बोललीस आणि मला ते सोसलं नाही, म्हणून हाताला लागेल ते फेकून मारलं. ते तुला लागलं. मला माफ कर असं लिहायला मला सहा वर्षं आणि एक मांजर लागलं. लाज वाटते.

बोका आज पूर्ण वाटी खाऊन माझ्या पायावर झोपलाय. आता बघतोय मी त्याच्याकडे. उजवा कान थोडा फाटका आहे. कधी फाटला कुणास ठाऊक.

एलेर्ट


तेर्नोय, ११ एप्रिल

प्रिय सुन्निवा,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, तीन शब्द : ‘रुस्क कसा आहे?’ पाकिटावर सगळा पत्ता आणि आत तीन शब्द. मी ते दुकानात वाचलं, मग रस्त्यात वाचलं, मग पेत्रिनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाच."

रुस्क बरा आहे. नीट सांगतो. एका युनिटावर आणलंय, गेल्या आठवड्यापासून अर्धं. मागचे पाय सुधारलेत, टाचा उचलून चालतो. काल खिडकीत उडी मारली आणि चुकला नाही. डोळ्यांत चमक आहे. सकाळी सातला सवयीनं टेबलाखाली येऊन बसतो आणि सुरीकडे बघतो. मी काप काढत नाही, तर उठून जायच्या आधी माझ्याकडे असा बघतो की मला चीज गिळत नाही. म्हणून मीही सोडलं. उकडलेला कॉड देतो त्याला, सकाळी पहिला घास. वेन्केला विचारून.

पेत्रिनेकडे मी किल्ली घेऊन गेलो होतो. म्हटलं, ठेव. ती म्हणाली, "तुझी वस्तू तू आणलीस, आता खिळ्याला तूच लाव." लावली. मग तिनं वॉफल केले. माझ्या वॉफलवर तपकिरी चीज घालून पुढे केलं आणि इतकी हसली की तिला खोकला लागला.

तिनं एक विचारलंय, ते मी तुला विचारतो असं समज. दहा मेच्या जेवणाला खुर्च्या किती मांडणार आहात?

एलेर्ट


तेर्नोय, ३० एप्रिल

प्रिय सुन्निवा,

संपलं. आज वेन्केनं इन्सुलिन बंद केलं. मांजरांत असं कधीकधी होतं म्हणाली, अंगाला थोडी उसंत मिळाली की ते स्वतःचं काम पुन्हा हातात घेतं. परत उलटू शकतं. आठवड्यातून एकदा मोजायचं. बाकी काही नाही.

मी आनंदानं घरी आलो. संध्याकाळी सात वाजले. उठलो, फ्रिजकडे गेलो, बाटली काढून तळहातांत घोळवली, ती ऊब येईपर्यंत घोळवतात तशी, आणि मग आठवलं. परत ठेवली. रुस्क खाऊन निघूनही गेला. मी सिंकपाशी उभा होतो आणि मला कळेना की आता काय. पुढचं कुठलंच काम माझ्या वाट्याचं नव्हतं. दिवसातून दोनदा कुणाला तरी माझी गरज होती, बरोबर सातला. ती आता नाही. आई गेल्यावरही मी असा उभा राहिलो नव्हतो, तेव्हा शिफ्ट होती.

तू खुर्च्यांचं कळवलं नाहीस. मी पेत्रिनेला म्हटलं, बघ, म्हणजे नकोच असेल. शिवाय गुडघा दुखतो. शिवाय काळा सूट सैल होतो. शिवाय तिकडे जेवणाला आजोबांनी उठून दोन शब्द बोलायचे असतात आणि मी ओरडेन.

ती म्हणाली, "आता दुसरं कुठलं आजारी मांजर शोधणार आहेस?"

मी गुडघा चोळायला लागलो. ती म्हणाली, "तुझ्या मुलीनं जानेवारीतच विचारलं होतं जमेल का. तू नाही म्हणालास. तिनं आता काय दर महिन्याला विचारायचं?"

म्हणून खरं लिहितो. सुयांमुळे येत नव्हतो हे खोटं. वेन्के रुस्कला पाच दिवस दवाखान्यात ठेवून घ्यायला तयार होती, तिनं जानेवारीतच सांगितलं होतं. ते मी तुला कळवलं नाही, वहीतही लिहिलं नाही. मी तुझ्या दारात उभं राहायला घाबरत होतो. अजून घाबरतो.

एलेर्ट


बोटीवर, ७ मे

सुन्निवा,

पेत्रिनेनं धक्क्यावर मला ढकललंच म्हण ना. रुस्क तिच्या खांद्यावर होता, त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती म्हणाली, "जा. याला मासा मी घालते, आणि याच्याकडे बघते पण." मी बोटीच्या इंजिनरूममध्ये डोकावलो. पोरं नवी आहेत, सगळं पडद्यावर. मी आपला वर येऊन खिडकीशी बसलोय.

सात वाजलेत. हात मांडीवर आहेत.

सूट पेत्रिनेनं टीप मारून लहान करून दिलाय. आईची चांदीची पिन माझ्या आतल्या खिशात आहे, दर पाच मिनिटांनी चाचपतो. ती तिरिलची. मला जेवायला बसवा न बसवा, ती पिन तिची आहे, आईनं तसं म्हटलं होतं आणि मी सहा वर्षं दाबून ठेवली. वही घरी ठेवून आलोय.

भाषण तयार केलेलं नाही. बोलायची वेळ आलीच तर तिरिलला एवढंच सांगेन की तिची आजी चीजचा पहिला काप नेहमी घरातल्या सगळ्यात लहान जिवाला द्यायची, आणि त्या घरात आधी ती आली, तुझ्या पोटात, मांजर नंतर आलं. ओरडलो तर टेबलाखालून पाय दाब.

तुझं उत्तर येईल म्हणून मंगळवारचं टपाल बघून निघालो. नव्हतं. म्हणजे तू नको म्हटलं नाहीस, आणि ये असंही म्हटलं नाहीस. परवा सकाळी मी तुझ्या दारात असेन.

हे पत्र टपालात टाकत नाही, हातात घेऊन येतोय. तू हे वाचत असशील तर दार उघडलंयस. आत घे किंवा घेऊ नकोस, तुझी मर्जी, मी भांडणार नाही. फक्त दार लावायच्या आधी क्षणभर थांब आणि मला तुझ्याकडे नीट बघू दे.

बाबा